ताईच्या अर्जासाठी तुमची साक्ष

भाऊजी,

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. तुमच्याच ओट्यावर, तुमच्याच उतरत्या मेजासमोर बसून मी ताईचा अर्ज लिहिते आहे. लिहिते आहे म्हणजे काय, सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्यावर ‘मायबाप’ लिहिलं गेलं. दुसऱ्यावर ‘अत्यंत दुःखद परिस्थितीत’. तिसऱ्यावर शाईच्या आधी डोळ्यांतलं पाणी पडलं. तुम्ही असता तर तिन्ही कागद दोन बोटांत धरून म्हणाला असता, “कौसू, हा अर्ज हाय का मयतीची तार?” आणि मी चिडले असते. तुमच्यावर चिडायची मला इतकी सवय होती की गेले सतरा दिवस हा राग कुठे ठेवावा तेच कळत नाही.

अर्ज कशासाठी, ते ऐका. ही गोष्ट तुमच्या माघारी झाली आहे. स्टेशनच्या पलीकडे मुलींचं नवं वसतिगृह निघतं आहे. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या चाळीसेक मुली तिथे राहतील. त्यांच्या देखरेखीला एक बाई हवी आहे आणि त्या बाईला राहायला खोली मिळणार आहे. अर्ज उद्या दुपारपर्यंत पोचायला हवा. ताईला ती जागा मिळायलाच हवी, कारण ही खोली तुमची नव्हती, राईस मिलच्या मुन्शीची होती. शेठ परवा स्वतः आले, दारातच हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “भाभी, कोई जल्दी नहीं है, पर नए मुन्शी को भी तो रहने की जगह चाहिए.” बिचारा खरं तेच बोलला. मी ताईला म्हटलं, माझ्याकडे देवरीला चल. तर म्हणते, “बहिनीच्या घरी किती दिवस राहू? आठ दिवस पाहुनी, मंग का? मले काम पायजे.” बरं, काम पाहिजे तर सांग काय लिहू, तुला काय काय येतं? तिने पदराने मेजावरचा कोंडा पुसला आणि म्हणाली, “मले? मले काईच येत नाई वं.”

हे वाक्य या ओट्याने किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल!

मालगुजाऱ्या गेल्या त्या साली तर विचारूच नका. सकाळी मिलचा भोंगा व्हायच्या आधी आणि संध्याकाळी भोंगा झाल्यावर इथे माणसं बसलेली असायची. मालगुजारांकडचे दिवाणजी, कोठीवरचे कारकून, वसुलीला फिरणारे. एका कायद्याने सगळ्यांचा धनी गेला आणि ज्यांनी जन्मात कोणाकडे काम मागितलं नव्हतं अशी पन्नाशीची माणसं तुमच्यासमोर टोपी काढून बसू लागली. तुम्ही विचारायचे, “का येते तुमाले?” उत्तर ठरलेलं. “काईच नाई जी. आमाले का येनार!” आपल्याकडे आपल्या तोंडाने आपलं सांगायचं म्हणजे चारचौघांत पदर ढळल्यासारखी लाज. वीस वर्षं गावाची वसुली सांभाळलेला माणूसही म्हणणार, झालं जी कसंतरी. मग अर्जात लिहायचं काय? तर आजोबांचं नाव, घरातली खाणारी तोंडं, लग्नाच्या राहिलेल्या मुली आणि देवाची शपथ. तहसिलीसमोरचे लिहिणारे तेवढंच लिहून द्यायचे, वर इंग्रजीत पहिल्याच ओळीला ‘मी भीक मागतो’ अशा अर्थाचं काहीतरी. असा एक कागद एका दिवाणजींनी तुमच्या हाती दिला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मला अजून आठवतं. “भीक कायले मांगून राहिले जी? काम मांगा. साहेबाले मानूस पायजे, मानसाचं दुःख नाई पायजे. दुःख त्याच्या घरी बी असन.”

आणि मग तुम्ही तो तुमचा जगावेगळा हुकूम सोडलात. “उद्या येताना तुमच्याशी भांडलेला मानूस घेऊन या.”

दिवाणजींना वाटलं, मुन्शीजींचं डोकं फिरलं. मला तर खात्रीच पटली. मी तेव्हा नुकतीच तुमच्याकडे राहायला आले होते. पण दुसऱ्या दिवशी दिवाणजी खरंच एका शेतकऱ्याला घेऊन आले. शेताच्या धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या त्या बांधावरून, दोघांचा सात वर्षं अबोला होता. ओट्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. तुम्ही शेतकऱ्याला विचारलं, “हा मानूस कसा हाय?”

“खडूस हाय. एक हात जागा मांगतली तं नाई म्हने.”

“आखीन?”

“आखीन का! चार गावची सारी वावरं तोंडपाठ हायेत त्याले. कोनाचं कोठून कोठवर, नकाशा न पायता सांगते. म्हनून तं मले धुरा सरकवता आला नाई.”

तुम्ही टाक उचललात. “अर्जदारास चार गावांतील प्रत्येक शेताच्या सीमा नकाशा न पाहता सांगता येतात. सीमेबाबत तो कोणाचीही भीड ठेवत नाही.” दोनच ओळी, आणि त्या सगळ्यांत वर. दिवाणजी ऐकून ओशाळले. शेतकरी म्हणाला, “हे मी सांगतलं का? मी तं शिव्या देत होतो!” दिवाणजींना पटवाऱ्याच्या हाताखाली काम मिळालं आणि सात वर्षांचा अबोलाही सुटला. धुरा मात्र होता तिथेच राहिला.

तुमचं म्हणणं साधं होतं. भांडलेला माणूस आपलं उगाच चांगलं सांगत नाही. तो नाइलाजाने जे कबूल करतो तेवढंच लिहावं, म्हणजे वाचणाराही नाइलाजाने मान्य करतो. ही साक्षीची गोष्ट गावोगाव गेली, मग अर्थातच लबाडीही आली. जंगल खात्यात लागायला निघालेला एक जण आपल्या सख्ख्या साळ्यालाच भांडलेला माणूस म्हणून घेऊन आला. दोघं काय भांडले! आयमाय काढायची तेवढी ठेवली. आणि भांडता भांडता साळ्याने सवयीने चंचीतून तंबाखू काढली, मळली आणि अर्धी ह्याच्या तळहातावर ठेवली. ह्यानेही ती ओठाखाली दाबली आणि पुन्हा ओरडायला लागला. तुम्ही मेजावर डोकं ठेवून इतके हसलात की ताई काय झालं म्हणून आतून पळत आली. त्याचा अर्ज काही तुम्ही त्या दिवशी लिहिला नाही. खरं भांडण करून ये म्हणालात.

आता माझं.

तुमच्याकडे मी आले ती ट्रंक घेऊन आले होते, आणि किती दिवसांसाठी ते मलाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी हे कलकत्त्याच्या गाडीत बसले ते बसलेच. पत्र नाही, निरोप नाही. बोदलकशाच्या तलावाखालच्या त्या गावात मी सासूजवळ तीन वर्षं काढली. मग वाटायला लागलं, आपण सातवीपर्यंत शिकलो ते काय कुणाच्या वाटेकडे बघत बसायला? मास्तरणी तयार करणाऱ्या नॉर्मल शाळेत जागा निघाल्या होत्या. शिकताना राहण्याजेवण्याची सोय आणि पुढे शाळेवर नेमणूक. कोणीतरी कानात सांगितलं, विधवा बायांना आधी घेतात. मी त्याच पावली तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. “भाऊजी, विधवा लिवा.”

तुम्ही टाक खाली ठेवलात. “जिता मानूस मी कागदावर मारनार नाई.”

“जिता हाय हे तुमाले कोनं सांगतलं?”

“मेला हे तुले कोनं सांगतलं?”

त्यानंतर मी काय काय बोलले नाही तुम्हाला! तुमच्या घरात मी जड झाले, तुम्हाला तुमचं खरेपण माझ्या पोटापेक्षा मोठं वाटतं, तुम्हाला बाईच्या जातीचं काय कळतं. ताई माझ्या बाजूने उभी राहिली. “लिवा नं जी, कोनाचं का जाते?” तुम्ही तिचंही ऐकलं नाही. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही जेवायला बसलात की ताईला सांगायचे, “तुह्या बहिनीले सांग, मीठ कमी हाय,” आणि मी ताईला सांगायची, “तुह्या नवऱ्याले सांग, मीठ बराबर हाय, जीभ खोटी हाय.” असं आठ दिवस चाललं. ताई मधल्या मध्ये हसून हसून बेजार.

पुढच्या रविवारी तुम्ही कोणाला काही न सांगता तिरोड्याकडे गेलात आणि दुपारी परत आलात ते माझ्या सासूला घेऊन.

मी त्यांना आत्या म्हणते. आत्या ओट्यावर पाय दुमडून बसल्या आणि मी कोपऱ्यात सरकून बसले. आता तुम्ही सगळं यांच्यापुढे मांडणार, यांच्या पोराला मी कागदावर संपवायला निघाले होते हे सांगणार, असंच मला वाटलं. तुम्ही त्यातलं अक्षर काढलं नाही. नेहमीसारखंच विचारलंत, “माय, ही पोरगी कशी हाय? खरं सांगजा. तुमचं तं हिच्याशी पटत नाई.”

“नाईच पटत,” आत्या म्हणाल्या. “भात गिचका करते. मोठ्यायनं बोललं तं मान वर करून पायते. आन हट्टी किती! माह्या धाकट्या पोरीले चुलीपुढं कोळशानं लिवाले शिकवून राहिली होती. मी म्हनलं, कायले शिकवते, तिले का कचेरीत जाचं हाय? कोळसा फेकला मी तिच्या हातातून. तं दुसऱ्या दिवशी आंगनात काडीनं लिवून राहिली. मंग शेजारच्या दोन पोरी आल्या. मंग आखीन दोन. माहं आंगन का शाळा हाय?”

“शिकल्या का मंग पोरी?”

“शिकल्या नं. माही पोरगी पोथी वाचते आता. मीच बसते आयकत.”

तुमचा टाक चालत होता. मान वर न करता तुम्ही विचारलंत, “आन पोरगा?”

“हाय,” आत्या म्हणाल्या. “कोठी हाय मले माईत नाई. पर हाय.”

मी उठून आत गेले. भाऊजी, त्या एका ‘हाय’पुढे माझा हट्ट टिकणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तुम्ही त्यांना आणलं होतं. पण त्याने माझा राग गेला असं समजू नका. मला लाज वाटली आणि राग आला, दोन्ही एकाच वेळी, आणि राग जास्त होता.

तुम्ही लिहिलात तसा, खराखुरा अर्ज गेला. जागा मिळाली नाही. नकाराचा कागद मी तुमच्यापुढे आपटला आणि म्हटलं, “घ्या तुमचं खरं.” तुम्ही तो कागद वाचून त्याची घडी केलीत आणि मिलमध्ये गेलात. एक वर्ष गेलं माझं. वर्ष म्हणजे काही थोडं नसतं, आणि वाट पाहून आधीच कंटाळलेल्या बाईला तर नसतंच.

त्या वर्षी तुम्ही मला रिकामं बसू दिलं नाही. मिलच्या खोल्यांच्या लाइनीतल्या, बिड्या वळणाऱ्या बायांच्या पोरी गोळा करून याच ओट्यावर माझ्यासमोर आणून बसवल्यात. मी म्हटलं, ह्याने काय होणार? तुम्ही म्हणालात, “अर्जात लिवाले काई पायजे नं. मी का मनचं लिवू?” मी चिडून शिकवायला बसायची आणि शिकवताना चिडायचं विसरून जायची. तुम्ही आत दाढी करता करता ऐकत असायचे, हे मला आरशातून दिसायचं.

पुन्हा अर्जाचे दिवस आले तेव्हा तुम्ही जुन्या अर्जाची नक्कल काढून वाचलीत. दोनदा वाचलीत. आणि जे बोललात ते ताईनेही ऐकलं नाही, ती विहिरीवर गेली होती. म्हणून आज लिहून ठेवते. “कौसू, चूक माही झाली वं. तुह्या नवऱ्याची गोष्ट मी वरतं लिवली आन तुहं काम खालतं. साऱ्यायले सांगतो दुःख नोको लिवू, आन तुहा अर्ज लिवताना मीच दुःख लिवून बसलो. तू घरची होती नं.”

तेव्हा मला रडू फुटलं होतं. तुमच्या पाया पडावं असं वाटलं होतं. यातलं काहीच मी केलं नाही. “मंग आता तं नीट लिवा,” एवढंच म्हणाले.

तुम्ही नीट लिहिलंत. “अर्जदार मागील एक वर्षापासून अकरा मुलींना रोज शिकवते. त्यांपैकी सात मुली आता पत्र वाचू शकतात. सासरी मनाई असतानाही तिने शिकवणे सोडले नाही. याबद्दल तिच्या सासूची तक्रार आहे.” हे शेवटचं वाक्य काढा म्हणून मी किती डोकं फोडलं! तुम्ही काढलं नाही. नवऱ्याची गोष्ट पार खाली, एका ओळीत: पती हयात असल्याचे कुटुंबीय सांगतात, ठिकाण माहीत नाही. मुलाखतीला बसलेल्या बाईंनी नेमकं ते सासूचं वाक्य वाचून मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यापुढे त्यांनी मला फारसं काही विचारलंच नाही, आणि जागा मिळाली.

मग तुम्ही बरोबर होता का? हे भांडण आपलं राहूनच गेलं. हे काही परत आले नाहीत. आत्या आता थकल्यात, माझ्याकडेच राहतात, आणि अजून ‘हाय’ म्हणतात. दर दिवाळीला मी तुम्हाला डिवचायची, “विधवा लिवलं असतं तं माहं एक वर्स वाचलं असतं.” तुम्ही म्हणायचे, “आन आत्याले कोन्त्या तोंडानं जेवाले वाढली असती?” मी म्हणायची, ते माझं मी पाहिलं असतं. मग ताई दोघांच्या मध्ये चिवड्याची थाळी आणून आदळायची. येत्या दिवाळीसाठी मी तुम्हाला गप्प करणारं एक उत्तर ठरवून ठेवलं होतं. आता ते सांगत नाही, समोर कोणी नसताना जिंकून काय करू? खरं सांगू, आजही मला वाटतं की तुम्ही लिहून दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. आणि तरीही आत्यांपुढे ताट ठेवताना माझी नजर खाली जात नाही, ते तुमच्यामुळे. दोन्ही खरं आहे. तुम्ही होता तोवर मला फक्त पहिलंच बोलता आलं.

दुपार झाली, आणि ताईचा कागद अजून कोराच आहे. तुमच्याच रीतीने जायचं ठरवून मी लाइनीत एक फेरी मारून आले. ताईशी भांडलेलं माणूस हवं! पहिल्या घरी मी तोंड उघडायच्या आधीच बाईने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या घरी, अशी बाई दिवा घेऊन शोधली तरी भेटायची नाही. तिसऱ्या घरची म्हातारी साऱ्या जगाशी भांडते, म्हटलं हिच्याकडे नक्की काहीतरी मिळेल. ती म्हणाली, “एकडाव गेली होती भांडाले. तं तिनं मलेच जेवाले बसवलं.” प्रेमळ, लाघवी, देवमाणूस. तुम्ही हे सगळं एका फटक्यात खोडलं असतं. हे शब्द मेलेल्या माणसाला शोभतात, कामाला लागणाऱ्याला नाही, असं तुम्ही म्हणायचे. बघा, आता तुम्हालासुद्धा मी यातला एकही शब्द लावलेला नाही.

ताईशी रोज, न चुकता, एकवीस वर्षं भांडलेलं एकच माणूस या लाइनीत होतं. म्हणून तर मी हे तुम्हाला लिहायला बसले, भाऊजी. साक्षीला तुम्हालाच बोलावते आहे. बसा ओट्यावर आणि सांगा, ही बाई कशी आहे?

तुमच्या तक्रारी मला पाठ आहेत. “मिलमधी मले तराजू लागते, आन ही बाई डोळ्यानं तांदूळ मोजते. पाहुने दहा येवोत का पंधरा, भात कमी पडत नाई आन सकाळाले उरत बी नाई. मिलचा मुन्शी मी हावो का हे?” मी लिहिलं: अर्जदारास कितीही माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज अचूक येतो; अन्न वाया जात नाही. हे सगळ्यांत वर.

“उशिरा आलो तं कारन सांगाची सोय नाई. तोंडाकडे पायते आन म्हनते, खोटं. एक बी कारन खपलं नाई माहं आजवर.” इथे मला एकटीलाच हसू आलं. चाळीस मुली आणि त्यांची रोजची कारणं! लिहिलं: अर्जदारापुढे खोटी सबब टिकत नाही. मग तुमची ती कडीची तक्रार, दिवे लागले की दाराला कडी, मग बाहेर नवरा असो की शेठ असो. तीही जशीच्या तशी घातली, फक्त शेठना वगळलं.

आणि ती तापाची साथ. लाइनीत घरोघर माणसं पडली होती आणि ताई सकाळी जायची ती एका घरातून दुसऱ्या घरात, तीन आठवडे. तुम्ही कच्चापक्का भात खाऊन मिलमध्ये जायचे. तेव्हा तुम्ही खरोखरीचे रागावला होता, गमतीत नाही. मी भेटायला आले तर माझ्यासमोर तिला ओरडलात, “घरी नवरा हाय, त्याले बी ताप येऊ शकते, हे ध्यानात हाय का तुह्या?” तुम्हाला तिची भीती वाटत होती, तिला काही झालं तर याची, हे मला कळलं होतं. तेव्हा मी तुमची चेष्टा केली. आज लिहिलं: साथीच्या दिवसांत अर्जदाराने आजाऱ्यांची तीन आठवडे शुश्रूषा केली, घरातून विरोध असतानाही.

ताई चहा घेऊन आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती कप हातात धरून उभीच राहिली.

“हे कोनं सांगतलं तुले?”

“भाऊजीनं.”

“असे बोलत होते माह्या मागं?”

“मागं कायले? तुह्या तोंडावर तं बोलत होते.”

ती हसली. सतरा दिवसांत पहिल्यांदा. मग तिचं लक्ष कागदाच्या खालच्या भागाकडे गेलं. नाव, गाव, शिक्षण लिहून झालं होतं आणि त्याखालची एक ओळ मी मोकळी ठेवली होती. माझ्याकडून ती लिहवेना. एकदा हट्टाने, पाय आपटून जो शब्द मी तुमच्याकडे मागितला होता, तो आता तिच्या नावापुढे लिहायचा होता आणि माझा हात उचलत नव्हता. ताईने माझ्या हातून टाक घेतला. चौथी शिकलेली बाई, कितीतरी वर्षांनी टाक धरला असेल. “खरं हाय तं लिवाच लागन,” म्हणाली, आणि हळूहळू, एकेक अक्षर गिरवत तिने ‘विधवा’ लिहिलं. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत बसलो.

मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, “ताई, आता तू सांग. त्यायच्याशी तूच तं भांडत होती. भाऊजी कसे होते?”

“ते?” ताई म्हणाली. “त्यायले काईच येत नव्हतं वं. धड चूल पेटवता येत नव्हती, धड बजार करता येत नव्हता.” मग बराच वेळ ती मेजाची कड पुसत राहिली. “पर मी रुसली असली तं तसेच कामावर गेले नाई, एक बी दिवस. भोंगा होऊन जाये, शेठचा मानूस बलावाले येये, तरी दारात उभे राहून म्हनत, तू आधी बोल, मंग मी जातो. त्या दिवशी बी मी रुसलीच होती. दवा घेत नव्हते म्हनून बोलतच नव्हती मी सकाळपासून. तं खाटेवरून म्हनते, तू आधी बोल, मंग मी जातो.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“मी बोलली वं, कौसू. कायले बोलली मी?”

तुमची,
कौसू